झोपाळ्याची दुसरी कडी

छत्तीस वर्षं शाळेत पोरांना ‘खोटं बोलू नये’ हे शिकवलं आणि पेन्शन सुरू झाल्यावर नेमकी खोटं बोलायची नोकरी धरली. आमच्या चिंताकीच्या शिवाराबाहेर आमराईत जुन्या जहागीरदारांची कोठी आहे. त्यांचा नातू हैदराबादला असतो. चुन्यात गूळ आणि मेथीचं पाणी घालणारे कारागीर शोधून आणून, चार वर्षं खपून, त्यानं कोठी पुन्हा उभी केली. आता तिथं सुट्टीला पाहुणे येऊन राहतात. आठ खोल्या, एक बारव आणि उरलेली चाळीस आंब्याची झाडं. रोज संध्याकाळी पाच वाजता मी पाहुण्यांना कोठी फिरवून दाखवतो. मालक त्याला ‘हेरिटेज वॉक’ म्हणतात. माझी बायको राजूबाई त्याला ‘थापा मारायला जाणं’ म्हणते.

सुरुवातीला मी खरंच सांगायचो. कमानी किती, भिंतीची जाडी किती, सन कोणता. पाहुणे जांभया द्यायचे. एक जण तर माझ्या समोर उभा राहून फोनवर क्रिकेट बघत होता. मला राग लवकर येतो. शाळेत असतो तर खडू फेकून मारला असता. इथं खडू नव्हता, म्हणून त्या दिवशी मी बेगम काढली.

उत्तरेच्या अंगाला एक लांबलचक थंडगार खोली आहे. तिच्या छताला मधोमध एक लोखंडी कडी आहे. त्या कडीकडे बोट करून मी म्हणालो, इथं नूरजबीं बेगमचा झोपाळा होता. जहागीरदार हैदराबादला गेले ते चार पावसाळे परत आले नाहीत, आणि बेगम रोज तिन्हीसांजेला या झोपाळ्यावर बसून वाटेकडे डोळे लावायची. फोनवाल्यानं फोन खिशात घातला. एका बाईनं डोळे पुसले. पुढच्या महिन्यात मालकांनी खोलीवर ‘बेगम महल’ अशी पाटी लावली, माझी गोष्ट छापून उशाशी ठेवली आणि सगळ्यात महाग खोली तीच ठरवली. लोक लांबून लांबून त्या खोलीसाठी यायला लागले. मीही फुगलो. आता खोटं कशाला बोलू, चांगलाच फुगलो.

गेल्या मे महिन्याच्या शेवटी एका दुपारी कलबुर्गीहून एक गाडी आली. मी आणि मॅनेजर हरिओम पडवीत चहा पीत बसलो होतो. गाडीतून एक चाळिशीच्या आतबाहेरची बाई उतरली, डोळ्यांवर चष्मा, खांद्याला बॅग. ही मैत्रेयी, कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तिच्या मागून तिची आई उतरली, चांगुणाबाई. निळ्या काठाची पांढरी साडी, पायात साध्या चपला. पासष्टीची असेल. पाहुणे आले की आधी पुढच्या कमानीचा फोटो काढतात. या बाईनं कमानीकडे बघितलंसुद्धा नाही. ती सरळ उत्तरेच्या अंगाला गेली, भिंतीवरून हात फिरवला आणि परत आली.

“हिकडचं दार बुजवलाव व्हय?” तिनं विचारलं. “मग अढीच्या खोलीत आता कुटून जायचं?”

“अढी म्हणजे काय, आज्जी?” हरिओमनं विचारलं. हा बीदर शहरातला पोरगा. आंबे क्रेटमधून येतात एवढंच त्याला माहीत.

“गवताच्या थरावर आंब्याचा थर, पुन्यांदा गवत, पुन्यांदा आंबे. पिकत घालायचं, बाबा. माझी माय लावायची हितं.”

मैत्रेयी हसली. “अहो, आईला वेबसाइटवरचे फोटो दाखवले तर बेगम महलच्या फोटोवर तिनं बोट ठेवलं. म्हणाली, हीच ती खोली, ह्याच कडीला माझी झोळी होती. बाबा आयुष्यभर कोळारच्या कारखान्यात राबले, आईला कधी कुठं फिरवलं न्हाई. मी म्हणलं, चल, त्या खोलीत दोन दिवस राहू.”

चांगुणाबाई बारव बघायला गेल्या तेव्हा मैत्रेयी माझ्याजवळ आली. आवाज एकदम खाली आला.

“गुरुजी, तुम्ही इथलेच म्हणून विचारते. सहा महिने झाले, आई इसरायलीय. गॅस चालूच ठेवती. परवा मला मावशीच्या नावानं हाक मारली. डॉक्टर म्हणाले, जुनं कितपत पक्कं आहे ते बघा. म्हणूनच इथं आणलंय. ही खोली आई सांगती तशी असली, तर मला जरा धीर येईल. होती का इथं अढीची खोली?”

होती. माझ्याइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण माझे वडील या कोठीचे गुमास्ते होते. बेगम महल ही अढीची खोलीच. पण हरिओम दोन हातांच्या अंतरावर उभा होता, भिंतीवर पाटी होती, उशाशी माझी गोष्ट होती. आणि अढीच्या खोलीचं सांगायचं तर तिथं राबणाऱ्या बायकांचंही सांगावं लागलं असतं. ते मला कधीच सांगायचं नव्हतं.

“न्हाई बाई,” मी म्हणालो. “अशी खोली हितं नव्हती. त्या दुसरी एखादी कोठी म्हणत असतील.”

मैत्रेयीचा चेहरा उतरला. तिनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. मी थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

पाच वाजता दहा-अकरा पाहुणे जमले. हैदराबादचं एक मोठं कुटुंब, बंगळुरूचं एक नवं जोडपं, आणि या मायलेकी. कमानी झाल्या, बारव झाली, शेवटी बेगम महल. मी घसा साफ केला आणि बेगमला झोपाळ्यावर बसवलं. त्या दिवशी जरा जास्तच रंगवलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. गोष्ट संपली तसं हैदराबादच्या आजींनी उसासा टाकला. चांगुणाबाई बरोबर कडीखाली उभ्या होत्या, मान वर करून.

“गुरुजी, एक इचारू?” त्या म्हणाल्या. “झोपाळ्याला दोन कड्या लागत्यात. हितं एकच हाय. एका कडीला झोळी बांधत्यात.”

सगळ्यांनी वर बघितलं. बंगळुरूचा तो नवरा हसला. तीन वर्षांत एवढ्या लोकांनी ती कडी बघितली होती, फोटो काढले होते, पण हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. माझे कान तापले.

“दुसरी कडी दुरुस्तीच्या वक्ताला काढली,” मी ताडकन म्हणालो, वर्गात उलट बोलणाऱ्या पोराला गप्प करावं तसं. “गंजली होती. वर चुना मारलाय, म्हून दिसत न्हाई.”

चांगुणाबाईंनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग लेकीकडे बघितलं. मैत्रेयी त्या गुळगुळीत छताकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“आई,” ती हळूच म्हणाली, “लहान होतीस गं तू. दुसरीकडचं असंल.”

“असंल, माय,” चांगुणाबाई म्हणाल्या. “न्हाई ध्यानात राहिलं.”

लेकीचा हात धरून त्या बाहेर गेल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी निघालो तेव्हा मैत्रेयी पडवीच्या टोकाला फोनवर बोलत होती. “पुढच्या आठवड्याची नको, डॉक्टर. सोमवारचीच वेळ द्या,” एवढं मला ऐकू आलं.

घरी राजूबाईनं आमरस वाढला. माझा हात ताटातच राहिला.

“कामून जेवंना झालाव?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, दुसऱ्या कडीसकट. तिनं रसाचं पातेलं खाली ठेवलं.

“आजवर नसलेल्या बाईला जितं केलाव, त्याला मी हसले. पन जित्या बाईला तिच्या लेकीम्होरं येडी ठरवलाव? अन् ती बी कुन्या बाईला? लग्न होऊन आले तवा तुमची माय सांगायची, ह्या घरात आंबा यायचा तो त्या बायकांच्या हातचा.”

मी ताट सारलं आणि उठलो. राग आला होता, पण या वेळी खडू कुणाला मारायचा ते कळत नव्हतं. सत्तरीच्या वयात मला लाज वाटत होती. 

सकाळी सातलाच कोठीवर गेलो. स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर स्वयंपाकीण शरणम्मा कमरेवर हात ठेवून उभी होती. मैत्रेयी पायरीवर चहाचा कप धरून बसली होती. आणि चांगुणाबाई जमिनीवर बसून आंबे लावत होत्या. क्रेट रिकामे करून त्यांनी गवत पसरलं होतं. एकेक आंबा उचलायचा, नाकाशी न्यायचा, अंगठ्यानं देठाजवळ दाबायचा, आणि देठ खाली करून ठेवायचा. हात थांबत नव्हते. मधेच एक आंबा त्यांनी बाजूला टाकला.

“काय झालं त्याला, अक्का?” शरणम्मानं विचारलं. “चांगला दिसायलाय की.”

“आतून नासलाय. ह्यो एक ठिवलास तर समदी अढी नासंल.”

शरणम्मानं विळी घेतली आणि आंबा कापला. आत कोयीभोवती काळं होतं.

“हाताला आठवतंय बघा, गुरुजी,” मैत्रेयी माझ्याकडे न बघता म्हणाली. “एवढं तरी राहू दे म्हणते मी.”

मी म्हणालो, “बाई, तुमी दोघी जरा खोलीत चला.”

बेगम महलात गेल्यावर मी पलंगाच्या पायथ्याशी वाकलो आणि मोठा लाल गालिचा एका टोकानं धरून ओढला. गुडघे कुरकुरले, पण कुणाला हात लावू दिला नाही. खालच्या शहाबादी फरशीवर काळपट डाग होते. एक दोन नाही, भिंतीपासून भिंतीपर्यंत, ओळीनं.

“हा आंब्याचा चीक,” मी म्हणालो. “कारागिरांनी तीनदा घासला. निघंना, म्हून गालिचा टाकला. मैत्रेयीबाई, दुसरी कडी कधीच नव्हती. बेगम बी नव्हती. ही अढीची खोली. तुमच्या आईचं समदं खरं हाय. त्यांचं डोकं ठीक हाय. थापाड्या मी हाय.”

मैत्रेयी खाली बसली. फरशीवर बोट फिरवलं. मग मान वर केली, आणि तिचा राग मला खरोखर लागला.

“काल मी विचारलं तुम्हाला, मग आईनं विचारलं. दोनदा. हात जोडायचेच राहिले होते. कामून खोटं बोललाव? रात्री आई म्हणाली, मैत्रे, माझ्या शब्दावर आता भरवसा ठिवू नको. माझी आई असं म्हणाली. तुमच्या पाटीपायी.”

 पाटी होतीच, पण पाटीचंच कारण नव्हतं. मी म्हणालो, “मी हितल्या गुमास्त्याचा पोरगा. ह्या खोलीचं सांगाया लागलो की बाकीचं बी सांगावं लागतं.”

“मला ठाऊक हाय,” चांगुणाबाई म्हणाल्या.

त्या पलंगावर बसल्या नव्हत्या. खिडकीखाली भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“तुमी अंकुश. काल चहा पीत बसला होताव, तवाच वळखले. बाप तसाच बसायचा. तुमी ह्या खिडकीत यायचाव, शाळा सुटली की. मी सात-आठ वर्साची आसंन, गवत झाडायची. गजाला धरून वरडायचाव, ‘ए शेवंते, आंबा दे!’ माय म्हनायची, ‘देते, धाकले मालक.’ चांगला बघून, पुसून द्यायची. माय तवा चाळिशीच्या पल्याड होती. तुमी तेरा-चवदाचे.”

मला गज आठवले. हाताला लागणारा त्यांचा गारवा आठवला. आतून पुढे येणारा आंबा आणि तो धरलेला हात आठवला. त्या हातामागचा चेहरा आठवेना. खिडकीतून मी आंब्याकडेच बघायचो.

त्या बायकांना उत्तरेच्या दारानंच यावं लागे. प्यायला पाणी हवं असेल तर ओंजळ पुढं करायची, वरून कुणीतरी ओतायचं. हंगाम संपला की खोली शेणानं सारवून, पाणी शिंपडून बंद व्हायची. विटाळ घालवायचा म्हणे. पण त्यांच्या हातांनी लावलेले, दाबलेले, हुंगलेले आंबे मात्र आम्ही देवापुढे ठेवायचो आणि मग बोटं चाटून खायचो. आंब्याला विटाळ नव्हता. माझ्या वडिलांनी हे सगळं नेमानं पाळलं, आणि मी ते दार बुजवलेलं बघून मनात म्हणालो होतो, बरं झालं.

“मग कालच कामून बोलला न्हाईत?” मी विचारलं. “पाहुण्यांम्होरं माझं थोबाड बंद करायचं.”

“एक बार बोलले की, कडीचं,” त्या म्हणाल्या. “तुमी दुसरी कडी काढलाव. मग म्हणलं जाऊ दे. चार मानसात म्हाताऱ्या मानसाची इज्जत कशाला घालवायची. गुरुजी झालाव तुमी.”

त्यांनी माझी इज्जत राखली होती. त्यासाठी लेकीपुढे स्वतःला विसराळू म्हणवून घेतलं होतं. मी चाळीस-चाळीस पोरांसमोर कितीकांची कान धरून इज्जत काढली असेल, मोजदाद नाही. मी तिथंच फरशीवर बसलो. रडलोही थोडा. लपवत नाही.

मैत्रेयीनं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. “सोमवारी डॉक्टरकडं जायचंच हाय, आई. गॅसचं काय ते बघू. पण तुझं खोटं न्हाई. मी तसं समजायला नको होतं.” मग माझ्याकडे वळली. “गुरुजी, दुपारी निघणार होतो. आता पाच वाजेपर्यंत थांबतो आम्ही.”

  शाळेत मीही गृहपाठ असाच द्यायचो.

हरिओमच्या कानावर गेलं तसा तो धावत आला. “गुरुजी, पाटीवर बेगम हाय. वेबसाइटवर हाय. मालक काय म्हणतील? आजच्या पाहुण्यांनी तर बेगमसाठी...”

“मालकाला मी सांगतो. नोकरी गेली तर राजूबाई पेढे वाटंल.”

तो डोकं धरून बसला. दुपारभर मी आमराईत एकटाच फिरलो आणि काय सांगायचं त्याची मनात जुळवाजुळव करत राहिलो. बेगम सुचायला मला अर्धं मिनिट लागलं होतं. खरं जुळवताना चार तास गेले.

पाच वाजले. हैदराबादचं कुटुंब पुन्हा आलं होतं, आजींना बेगमची गोष्ट परत ऐकायची होती. चार नवे पाहुणे होते. कमानी झाल्या, बारव झाली. खोलीत गालिचा गुंडाळून भिंतीला उभा केला होता. चांगुणाबाई दाराजवळ उभ्या, मैत्रेयी त्यांच्या शेजारी. शरणम्मासुद्धा पदराला हात पुसत येऊन उभी राहिली.

“ही अढीची खोली,” मी म्हणालो. “काल मी ज्यांना बेगमची गोष्ट सांगितली, त्यांना खोटं सांगितलं. ह्या डागांवर आंबे पिकायचे. तीनशे झाडांचे. हैदराबादपर्यंत इथला आंबा जायचा, आणि तो पिकवायच्या...”

नाव जिभेवर आलं ते खिडकीतल्यासारखंच आलं. शेवंता. तेवढंच. गज धरून ओरडलेलं. मी थांबलो. सगळे माझ्याकडे बघत होते, पण मला एकाच बाईचं बघणं जाणवत होतं.  या तोंडानं हजारो वेळा वर्गातल्या पोरांना ‘मोठ्यांना मान द्यावा’ म्हणून सांगितलं होतं, आणि या एका नावापुढं दोन अक्षरं लावायची या तोंडाला सवय नव्हती.

“शेवंताबाई,” मी म्हणालो. “इथली अढी शेवंताबाई लावायच्या. ती कडी झोपाळ्याची नाही. त्यांचं लेकरू तिथं झोळीत असायचं.”

“फिर बेगम किधर गए?” हैदराबादच्या आजींनी विचारलं.

“बेगम नव्हती, अम्मा.”

त्या जरा हिरमुसल्या. मग वर कडीकडे बघितलं, खाली डागांकडे बघितलं, आणि म्हणाल्या, “तो इनके बारे में बोलो ना. कैसी थी ये शेवंताबाई?”

 कशी होती? उंच की बुटकी? हसायची का? झोळी हलवताना काही म्हणायची का? मी तिच्या हातचे किती हंगाम खाल्ले होते, आणि मला तिचं एक नाव सोडून काही माहीत नव्हतं. बेगमेच्या डोळ्यांचा रंगसुद्धा मी सांगू शकत होतो.

मी बाजूला सरकलो. कडीखालची माझी नेहमीची जागा मोकळी केली आणि चांगुणाबाईंकडे बघून हात जोडले.

त्या लगेच आल्या नाहीत. आधी लेकीकडे बघितलं. मैत्रेयीनं मान हलवली. मग त्या सावकाश चालत आल्या, कडीखाली उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि बोलायला लागल्या. मी पाहुण्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो आणि ऐकू लागलो.